आकडा परत वाच

नाना चहा सांगत तोही परत वाचून घेत. "तीन चहा, त्यात एक बिनसाखरेचा. काय आणणार?" टपरीवाला आधी हसला, मग चिडला, आणि महिन्याभरात मुकाट्याने म्हणायला लागला, "तीन चहा, त्यात एक बिनसाखरेचा." मगच नाना त्याच्यावरची नजर काढत. एवढं करूनही चहा चुकीचा आला तर ते बोलत नसत आणि पीतही नसत. तो कप टेबलाच्या कडेला संध्याकाळपर्यंत तसाच ठेवत, वर साय धरेपर्यंत. टपरीवाल्याने तो येऊन बघावा म्हणून.

मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली. जळगावला मेहरूणच्या बाजूला एक खाजगी डेअरी होती, तिच्या कॉम्प्युटर विभागात. आता ती डेअरी नाही, त्या जागेवर मंगल कार्यालय आहे. डेअरीची पाच शीतकरण केंद्रं होती: यावल, चोपडा, जामनेर, एरंडोल आणि पार पश्चिमेला पिंपळनेर. गावोगावचं दूध तिथे जमायचं, थंड व्हायचं आणि टँकरने प्लांटला जायचं. प्रत्येक केंद्रावर एक कॉम्प्युटर आणि एक ऑपरेटर. किती लिटर दूध आलं, टाकीत किती डिग्रीला आहे, हे ऑपरेटर त्यात भरायचा, आपली हजेरीही त्यातच भरायचा. शेवटी ते मशीन टँकरच्या ड्रायव्हरसाठी एक चिठ्ठी छापायचं. इतकं दूध, अमुक वाजता, अमुक प्लांटला. प्रोग्राममध्ये काही बदल झाला तर तो पाचही केंद्रांवर पोचवायचा, हे जळगावच्या आमच्या खोलीचं काम. खोलीत आम्ही दोघंच. नाना प्रमुख आणि मी.

नाना मूळचे तारखात्यातले. धुळ्याच्या तारघरात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन इकडे आले, तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. कॉम्प्युटर ते या वयात शिकले आणि मी सांगतो, बरेच चांगले शिकले. पण त्यांना मशीनचं कौतुक नव्हतं. त्यांच्या लेखी ती जुनीच तार होती, फक्त जरा जास्त बडबडी. तारेत आकडे आले की शेवटी ते सगळे पुन्हा पाठवायचे आणि दोन्ही वेळचे जुळले तरच तार पोचली म्हणायची, असा नियम होता म्हणे. त्या नियमामागे काहीतरी घडलेलं असणार, असं ऑफिसात सगळ्यांना वाटायचं. कुणी म्हणे एका आकड्याच्या चुकीने कुणाचं लग्न मोडलं, कुणी म्हणे मयताला मुलगा एक दिवस उशिरा पोचला. मी एकदा विचारलं. नाना म्हणाले, "काही झालेलं नाही. नियम होता." त्यांच्याकडून कारण कधीच मिळत नसे. हे त्यांचं वैगुण्य मी तेव्हाही धरून होतो, आजही धरून आहे.

मी यायच्या आधी ते फ्लॉपी एसटीने पाठवत. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत फ्लॉपी, वर सुतळी, आणि पाकीट कंडक्टरच्या हातात. पण हातात द्यायच्या आधी कंडक्टरला म्हणायला लावत, "पिंपळनेर स्टँड, डेअरीचा माणूस, साडेतीन." एकदा एक कंडक्टर भडकला. "नाना, मी काय शाळेत शे का?" नाना म्हणाले, "शाळेत पोरगं चुकलं तर त्याचंच चुकतं. तू चुकला तर माझं चुकेल. म्हण." गाडी सुटायची वेळ झालेली, उतारू खिडकीतून बघताहेत, आणि कंडक्टर दात खात म्हणतोय, "पिंपळनेर स्टँड, डेअरीचा माणूस, साडेतीन."

फ्लॉपी पोचली, ऑपरेटरने ती मशीनमध्ये उतरवली, की फोन. नाना स्वतः त्या पट्ट्यातले, पिंपळनेरजवळच्याच एका खेड्यातले. एरवी ते आमच्यासारखंच बोलत, पिंपळनेरच्या ऑपरेटरशी मात्र अहिराणीत. तो तिशीचा, कायम तोंडात सुपारी. मला ती बोलणी पाठ झाली होती.

"पोचनं का?"

"पोचनं ना नाना. बठ्ठं बरोबर शे."

"बठ्ठं नको सांगू. आकडा सांग."

बठ्ठं म्हणजे सगळं. आणि आकडा म्हणजे उतरवलेल्या फाइलची लांबी. मशीन ती पडद्यावर दाखवतं, इतकी अक्षरं म्हणून. तिकडून तो एकेक अंक वाचायचा, नाना इकडे रजिस्टरात एकेक अंक लिहायचे. मग म्हणायचे, "परत वाच." तो परत वाचायचा. दोन्ही जुळले की लाल पेन्सिलने बारीक खूण, आणि खाली सही. पाच केंद्रांना दोन दिवस जात.

त्याचं मला हसू यायचं. मी शिकून आलेला, सत्तावीस वर्षांचा, आणि आकड्यांत पक्का असल्याचा मला तेव्हा फार अभिमान होता. धाकट्या शेठनी, म्हणजे मालकांच्या मुलाने, केंद्रांवर मोडेम बसवून घेतले. फोनच्या तारेवरून मशीनने मशीनशी बोलावं म्हणून लागणारा डबा. मी तीन महिने बसून प्रोग्राम लिहिला. दुपारी दोन वाजता, सकाळचं दूध आटोपलेलं आणि संध्याकाळचं यायचं असतं तेव्हा, जळगावचं मशीन आपणहून एकेका केंद्राला फोन लावी, नवी फाइल पाठवी, जुनीच्या जागी ठेवी आणि शेवटी एक कागद छापी. पाच केंद्रांची पाच नावं आणि प्रत्येकासमोर ओके. सगळं मिळून पस्तीस मिनिटं. नानांच्या दोन दिवसांच्या जागी.

पहिल्या वेळेस तो कागद मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उलटा करून मागची बाजूही बघितली.

"हे कोण म्हणतंय?"

"मशीन म्हणतंय नाना."

"कुठलं? तिकडचं की आपलं?"

"तिकडचं कळवतं, आपलं छापतं."

"गयं रे भो," ते म्हणाले, "पन पोचनं का?"

आणि त्यांनी रजिस्टर ओढून फोन उचलला. मोडेमने पस्तीस मिनिटांत पाठवलेलं नाना दोन दिवस तपासत बसले. आणि सगळं बरोबर निघालं. पुढच्या खेपेलाही, त्याच्या पुढच्याही. प्रत्येक खेपेला मला जास्त राग येत गेला. चूक सापडली असती तर कदाचित कमी आला असता.

एक गोष्ट इथेच सांगतो, पुढे लागेल. लाइन मध्येच तुटायची आणि मशीन पुन्हा पाठवायला लागायचं. त्या गोंधळात जुनी फाइल नवीवर बसू नये म्हणून मी एक युक्ती केली होती. केंद्रावरच्या फाइलची तारीख येणाऱ्या फाइलपेक्षा पुढची असेल तर तिला हात लावायचा नाही, ती नवीच आहे असं समजायचं, आणि ओके कळवायचं. ही युक्ती मला फार हुशारीची वाटली होती. धाकट्या शेठना मी ती फळ्यावर काढून समजावली होती. नाना मागे उभे होते. ते फक्त म्हणाले, "तारखेवर एवढा विश्वास?" मी फळा पुसायला घेतला.

एसटीडीचे कॉल फार होतात म्हणून धाकट्या शेठनी आमच्या फोनला कुलूप घातलं. तेव्हा फोनच्या चकतीच्या भोकात बसणारं पितळेचं इवलंसं कुलूप मिळायचं. चकती फिरतच नसे. शेठ स्वतः येऊन लावून गेले, जाताना म्हणाले, "नाना, आता आराम करा." नानांनी मान हलवली. शेठचे बूट जिन्यावरून उतरल्याचे ऐकू आले. मग नानांनी रिसीव्हर कानाला लावला आणि फोनच्या ज्या दांड्यावर रिसीव्हर ठेवतो, तो दांडा बोटाने टिचकवायला लागले. टक्टक्टक्. थांबले. टक्टक्. जितका अंक तितक्या टिचक्या, शून्याला दहा. मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. तारेच्या यंत्रावर आयुष्य घालवलेलं ते बोट. एक टिचकी कमी नाही, एक जास्त नाही. पिंपळनेर लागलं. "पोचनं का?"

मी बघत राहिलो. इतकं देखणं काम मी नंतर कुणाच्या हातून पाहिलं नाही. आणि मीच ते शेठना सांगितलं. चहाडी म्हणून नव्हे, गंमत म्हणून सांगितलं, असं तेव्हा मी स्वतःला म्हणालो. दुसऱ्या दिवशी शेठनी नानांच्या टेबलावरून फोनच उचलून नेला. खोलीत मोडेमची लाइन राहिली आणि माझ्या टेबलावर माझा फोन, त्यालाही तसंच कुलूप, किल्ली माझ्याकडे. नानांना आकडे वाचून घ्यायचे तर माझ्याकडे यायला लागायचं. ते यायचे. तोंडाने "जरा लावतोस का" म्हणायचे, आणि मी लावून द्यायचो, बहुतेक वेळा. पाच केंद्रांतल्या दोन-तीन केंद्रांचं तरी.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसापासून धुळ्याचा प्लांट चार दिवस बंद राहणार होता, कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीसाठी. पिंपळनेरचं दूध एरवी धुळ्याला जाई. या चार दिवसांत ते थेट जळगावला आणायचं आणि त्यासाठी टँकर दोन तास आधी सोडायचा, एवढा बदल. आधी कधीतरी फोनवरच्या तोंडी निरोपाने टँकर भलतीकडे गेला होता, तेव्हापासून धाकट्या शेठची सक्त ताकीद होती की ड्रायव्हरने फक्त चिठ्ठीचं ऐकायचं, माणसाचं नाही. तेव्हा धुळं बंद आहे हेही कुणाला तोंडी सांगायचं नव्हतं. चिठ्ठीतच येणार होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी दोनला मशीनने फोन लावले. दोन पस्तीसला कागद आला. पाच नावं, पाच ओके. माझी लग्नानंतरची ती पहिली आखाजी. बायको माहेरी, यावलला, जायची होती आणि तिला सोडायला मी जाणार होतो. चारची बस. ती पिशव्या घेऊन परस्पर स्टँडवर यायची होती. बाहेर ऊन असं, की सायकलच्या सीटला हात लागला तर चटका.

नाना माझ्या टेबलाशी आले. "पिंपळनेरचा आकडा वाचून घ्यायचाय."

मी कागद दाखवला.

"ते बघितलं. चार केंद्रं राहू दे. पिंपळनेर लाव."

"पिंपळनेरच का? बदल तिथला आहे म्हणून?"

त्यांनी कागद बाजूला सरकवला. म्हणाले, "लाव ना."

"नाना, अर्ध्या तासापूर्वी मशीनने तिथे फोन लावलाय, फाइल दिलीय, तिकडून ओके आलंय. अजून काय पाहिजे?"

"आकडा."

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी सव्वातीन वाजले होते. ते आपल्या खुर्चीवर रजिस्टर उघडून, पेन्सिल घेऊन बसले होते, पाठ माझ्याकडे. मी रिसीव्हर उचलला, दांडा दाबून धरला आणि चकती फिरवली, आवाज यावा म्हणून. कुलपाची किल्ली माझ्याकडे होतीच. थोडा थांबलो. "हां, आकडा सांगा," असं रिकाम्या फोनमध्ये म्हणालो. आणि माझ्याच मशीनच्या पडद्यावरचा, इथून पाठवलेल्या फाइलचा आकडा नानांना वाचून दाखवला.

"एक, आठ, नऊ, चार, चार."

"परत वाच म्हणावं."

"परत वाचा," मी फोनमध्ये म्हणालो. मग त्यांना, "एक, आठ, नऊ, चार, चार."

लाल पेन्सिलची खूण झाली. सही झाली. मला चारची बस मिळाली.

आखाजीला सासऱ्यांकडे आमरस-पुरणपोळी झाली. अंगणात निंबाला झोका बांधला होता, माझी बायको तिच्या मैत्रिणींबरोबर त्याच्यावर गाणी म्हणत होती. सहा-साडेसहाला यावलच्या केंद्राचा ऑपरेटर लुनावरून आला. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला.

"साहेब, जळगावचा फोन. पिंपळनेरची गाडी नासली."

"नासली म्हणजे?"

"दूध. बठ्ठंच."

चिठ्ठीवर धुळे छापून आलं होतं. ड्रायव्हर धुळ्याला गेला. प्लांटला कुलूप, सणाचा दिवस, एक वॉचमन. ड्रायव्हर चिठ्ठी दाखवत फाटकाशी थांबला, कारण चिठ्ठी सोडून कुणाचं ऐकायचं नाही हे त्याला शिकवलेलं होतं. टाकी भरताना पिंपळनेरला वीज नव्हती, दूध मुळात पुरतं थंड झालेलं नव्हतं. चार तास तो टँकर धुळ्याच्या उन्हात उभा. मग कुणीतरी जळगावला फोन केला. जळगावला पोचेपर्यंत आत चोथा आणि पाणी. सात हजार सहाशे लिटर. डेअरीच्या मागच्या नाल्यात सोडलं. पुढे आठवडाभर मेहरूणच्या त्या बाजूला नाकाला रुमाल लावून जावं लागे.

दुसऱ्या दिवशी पहाटे डेअरीच्या जीपने मी पिंपळनेरला गेलो. ऑपरेटर अजून गावाहून आला नव्हता. त्याच्या मदतनिसाने मशीन चालू करून दिलं. मी फाइल बघितली. लांबी अठरा हजार चारशे बत्तीस. जुनी फाइल. तिच्यावरची तारीख आजची, आणि वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेनऊ वाजले होते.

समजायला फार वेळ लागला नाही.

ऑपरेटर दुपारी आला. मला बघून सुपारी थुंकून आला. "साहेब, आखाजीले गावले जानं पडस. पत्ते ऱ्हातस, पाव्हना ऱ्हातस. म्हनून दोन दिवसनी हजेरी आधीच भरी ठेवी."

"मशीनची तारीख पुढे करून?"

"हां. भरी का तारीख परत मागे. दरसाल करतस आम्ही. नानाले माहीत शे."

म्हणजे असं. सणाच्या आदल्या दिवशी हा मशीनची तारीख पुढे न्यायचा, सणाची आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाची हजेरी टाकायचा आणि तारीख जागेवर आणून मोकळा व्हायचा. हजेरी भरली की प्रोग्राम आपली फाइल नव्याने लिहायचा आणि तिच्यावर मशीनच्या घड्याळातली तारीख पडायची. आखाजीच्या दुसऱ्या दिवसाची. माझा प्रोग्राम दुपारी दोनला तिथे गेला, त्याला ती फाइल आपल्यापेक्षा नवी दिसली, त्याने तिला हात लावला नाही. आणि मी सांगितलं होतं तसं ओके कळवलं.

नानांना माहीत होतं. म्हणूनच फक्त पिंपळनेर. आपल्याकडचा माणूस आखाजीला काय करतो ते त्यांना माहीत होतं. फक्त त्याची चहाडी करायची नव्हती. म्हणून कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी फोन लावला असता. हे वाक्य मी इतक्या वर्षांत किती वेळा म्हटलं असेल ते मी मोजलेलं नाही, आणि मी मोजणारा माणूस आहे.

चौकशी धाकट्या शेठच्या केबिनमध्ये झाली. शेठ, नाना आणि मी. मी तारखेचं सगळं समजावून सांगितलं. तो भाग मी चोख सांगितला. शेठनी माझं ऐकून घेतलं, आणि नानांचं रजिस्टर पुढे ओढलं.

"नाना, पिंपळनेरसमोर हा आकडा तुमच्या हातचा?"

"हो."

"हा तर नव्या फाइलचा आहे. तिथे तर जुनी होती. मग हा आकडा आला कुठून?"

नानांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"त्या ऑपरेटरने खोटा वाचला? तसं असेल तर सांगा, आजच काढतो त्याला."

"नाही," नाना म्हणाले. "तिकडून खोटा आकडा आला नाही."

ते माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. पण शब्द त्यांनी तोलून वापरला होता. तिकडून. मला तो ऐकू आला, शेठना आला नाही.

"म्हणजे तुम्ही न विचारताच लिहिला? वाचून घेतला, वाचून घेतला म्हणून पाच वर्षं आमचं डोकं खाल्लं, आणि शेवटी टेबलावर बसून आकडा ठोकून दिला?"

इथे मी बोलायला हवं होतं. केबिनमध्ये कूलरचा आवाज होता. मी कूलरकडे बघितलं.

"रजिस्टर माझं आहे," नाना म्हणाले. "सही माझी आहे."

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. टेबलाच्या खणात त्यांची लाल पेन्सिल राहिली होती, अर्ध्या बोटाएवढी. ऑपरेटरची बदली चोपड्याला झाली. मी विभागाचा प्रमुख झालो. माझ्या प्रोग्राममधली ती तारखेची युक्ती मी गुपचूप काढून टाकली आणि ओकेच्या जागी केंद्रावरच्या फाइलची लांबी छापायला लावली. धाकटे शेठ म्हणाले, "हे चांगलं केलंस." नानांचाच नियम होता तो, मशीनला शिकवलेला. मी ते सांगितलं नाही.

ऑफिसात पुढे नानांची नक्कल व्हायची. कुणी चहा मागवला की दुसरा म्हणायचा, "परत वाच!" आणि सगळे हसायचे. "स्वतः मात्र ठोकून द्यायचा म्हातारा," असंही कुणीतरी म्हणायचं. तारघरात आणि डेअरीत मिळून पस्तीस वर्षं ज्या माणसाने एक अंक ऐकल्याशिवाय लिहिला नाही, त्याच्याबद्दल. मी हसत नसे. पण थांबवतही नसे.

मला त्यांचा राग येत राहिला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर माझी नोकरी गेली असती, दुसरी मिळाली असती, आणि गोष्ट तिथेच मिटली असती. त्यांनी ती मिटू दिली नाही. ते वाचवणं होतं की शिक्षा, ते मला आजही ठरवता येत नाही.

तीन वर्षांनी मी धुळ्याला त्यांच्याकडे गेलो. देवपूरला त्यांनी एसटीडी बूथ काढला होता. पिवळी पाटी, काचेची खोपटी, बाहेर दोन खुर्च्या. मी गेलो तेव्हा एक बाई आत फोनसाठी उभी होती. नाना तिच्याकडून नंबर वाचून घेत होते. "परत वाचा, अक्का." ती म्हणाली, "दोनदा सांगना ना!" तरी वाचला. मग त्यांनी लावला.

मला त्यांनी ओळखलं. बस म्हणाले. पाणी दिलं. केस पुरते पांढरे, बाकी तसेच. बाई बोलून गेली, आणि मी एका दमात बोललो. पिंपळनेरला फोन लावलाच नव्हता, दांडा दाबून चकती फिरवली, आकडा माझ्या मशीनवरचा वाचला, दोन्ही वेळा, कारण चारची बस होती. केबिनमध्येही गप्प बसलो.

नाना ऐकत होते. माझं झाल्यावर समोरचं पॅड सरळ केलं आणि म्हणाले, "परत वाच."

मला वाटलं चेष्टा करताहेत. त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता.

मी पुन्हा सुरू केलं. आधी एकदा बोलून झालेलं असल्यामुळे आता सोपं जात होतं. "त्या दिवशी दुपारी तुम्ही तीनदा आलात. मला घाई होती, बायको स्टँडवर उन्हात उभी. पिंपळनेरची लाइन काही लागत नव्हती, म्हणून मी..."

"थांब."

मी थांबलो.

"पहिल्यांदा म्हणालास, फोन लावलाच नाही. आता म्हणतोस, लाइन लागत नव्हती."

मी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता.

"दोन्ही जुळत नाहीत," नाना म्हणाले. आवाज चढला नाही, उलट जरा खाली आला. "पोचनं नही, भो."

बूथमध्ये दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, हातात चिठ्ठी घेऊन. नानांनी खुर्ची वळवली. "बोला. सावकाश, एकेक आकडा." मी दहा-पंधरा मिनिटं तसाच बसलो. ते परत माझ्याकडे वळले नाहीत. मी उठलो तेव्हा त्यांनी फक्त हात वर केला, फोन कानाला होता म्हणून.

नाना गेले. मला ते उशिरा कळलं, कुणाच्या तरी तोंडून, तिसऱ्याच कामात. बूथ त्याच्या आधीच बंद झाला होता, सगळ्यांच्या खिशात फोन आले होते.

माझं वय आता त्यांच्या तेव्हाच्या वयाएवढं झालं. दूधवाल्याला मी पिशव्यांचा आकडा परत म्हणायला लावतो, मुलगी गाडीचा नंबर सांगते तो दोनदा विचारतो. घरात सगळे वैतागतात. बायकोला हे सगळं आखाजीनंतर सुरू झालं ते माहीत आहे, का ते माहीत नाही. तिला मी कधी सांगितलं नाही. ती वाचेल तेव्हा तिला कळेल.

बूथमधून निघाल्यावर मी स्वतःशी पुष्कळ वेळा म्हणून बघितलं, पण पलीकडे ऐकणारा असल्याशिवाय ते वाचणं होत नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून इथे लिहितो. जुळवणारा आता नाही, तरी पहिल्यांदा जसं वाचलं होतं तसं.

बस चारची होती. आकडा एक, आठ, नऊ, चार, चार, माझ्या मशीनवरचा, दोन्ही वेळा. पिंपळनेरला मी फोन लावला नाही. त्याच दुपारी दोन वाजता मशीनचा फोन तिथे लागला होता, कागदावर ओके आहे. लाइन चालू होती.